हत्तिणीसाठी मोर्चा, बैलासाठी पावती

२०२५ च्या जुलैअखेरीस नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण जामनगरच्या ‘वनतारा’ या खासगी प्राणी केंद्रात गेली आणि कोल्हापूर जिल्हा पेटून उठला. पाठोपाठ दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि जमावाने ती फाडली. मग ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल कडक आदेश दिला, २२ ऑगस्टला तो बराच सौम्य केला, आणि तेवढ्या दहा-बारा दिवसांत पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत वर्षानुवर्षांचे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले. कुत्र्यांवरून माणसांनी भांडणं ही मुंबईला नवी गोष्ट नाही. १८३२ मध्ये कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायला घेतली तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली होती आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले होते. तरीही महिनाभरात तीन प्राण्यांवरून एवढी डोकी तापलेली मी यापूर्वी पाहिली नव्हती. प्राण्यांबद्दल अखेर गांभीर्याने बोललं जाईल, असं वाटलं होतं. तसं झालं नाही. जे बोललं गेलं ते सगळं माणसांबद्दलच होतं.

हत्तिणीच्या वादात मठ विरुद्ध उद्योगपती, कबुतरांच्या वादात जैन विरुद्ध मराठी, कुत्र्यांच्या वादात खाऊ घालणारे विरुद्ध चावा खाणारे. प्राणी फक्त निमित्ताला. माझं म्हणणं सरळ आहे: प्राण्याला जे सोसावं लागतं त्याची मोजदाद आपण त्याच्याशी असलेल्या आपल्या नात्यावरून करतो. ज्याला नाव दिलं, ज्याच्यापुढे हात जोडले, ज्याच्याबरोबर फोटो काढला, त्याचं दुःख ते दुःख. बाकीच्यांचं दुःख हा मालाचा उत्पादनखर्च. जातीवरून माणसाची किंमत ठरवणं चूक आहे हे आपण निदान तोंडाने तरी मान्य करतो. प्राण्याची किंमत त्याच्या प्रजातीवरून ठरवताना मात्र आपल्याला काही चुकतंय असं वाटतच नाही. रिचर्ड रायडर या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये या वृत्तीला वंशभेदाच्या धर्तीवर नाव दिलं, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ च्या जल्लीकट्टू-बैलगाडा निकालात या प्रजातीभेदाची दखल घेतली. तो निकाल आपल्याकडे गाजला तो फक्त शर्यतींवर बंदी आली म्हणून.

महादेवीची बाजू घेणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडू, कारण तिची टिंगल करणं फार सोपं आहे आणि शहरी प्राणिमित्रांनी ती केलीही. तीन दशकांहून जास्त काळ ती हत्तीण त्या गावात होती. मिरवणुकीत तिच्या पायावर पाणी घालणाऱ्या बायकांचं प्रेम खोटं नव्हतं. ती जाताना माणसं रडली ती काही कॅमेऱ्यासाठी नाही. वनताराबद्दलचा संशयही अगदीच बिनबुडाचा म्हणता येणार नाही. एका उद्योगसमूहाच्या खासगी संग्रहात देशभरातून प्राणी जात राहतात, तेव्हा प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने विशेष पथक नेमून चौकशी केली आणि सप्टेंबरमध्ये त्या संस्थेला दोषमुक्त ठरवलं, ही गोष्ट वेगळी. आणि ‘जिथे गरीब मठ दिसतो तिथेच कायदा कसा आठवतो?’ हा प्रश्न तर मला पूर्ण पटतो. आपल्याकडे कायदा ज्याच्या खांद्यावर बसणं सोपं, त्याच्याच खांद्यावर बसतो.

हे सगळं मान्य करूनही मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. उच्च न्यायालयापुढे आलेल्या अहवालांत त्या हत्तिणीच्या पायांचे आजार आणि जखमा नोंदवल्या होत्या. मठाने हेळसांडीचा आरोप नाकारला. खरं-खोटं तपासता आलं असतं. तिच्या नखांची स्थिती काय आहे, ती दिवसातले किती तास सिमेंटच्या फरशीवर उभी असते, तिने शेवटची दुसरी हत्तीण कधी पाहिली, हे विचारता आलं असतं. हत्तिणी जन्मभर आई, मावश्या, बहिणींच्या कळपात राहतात. एकटी हत्तीण ही निसर्गात सहसा आढळणारी गोष्टच नव्हे. पण टीव्हीवरच्या चर्चेत, मोर्चांच्या भाषणांत, सह्यांच्या मोहिमेत यातलं काही आलं का? ‘आमची हत्तीण आम्हाला परत द्या’, एवढंच. वाक्यात कर्ता आम्ही, कर्म हत्तीण. उलट बाजूनेही फार शहाणपण दिसलं असं नाही. ‘अंधश्रद्ध गावकरी’ म्हणून हात झटकणाऱ्यांनाही तिच्या नखांशी काही देणंघेणं नव्हतं.

या वादाचा साचा महाराष्ट्राला अनोळखी नाही. १८९१ चं संमतिवयाचं बिल आठवा. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करायचं, एवढाच कायदा. त्याच्या आदल्या वर्षी बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीमुळे मेली होती. आपल्याकडे आगरकर ‘सुधारका’तून कायद्याच्या बाजूने लढत होते, टिळक ‘केसरी’तून विरोधात. टिळकांचा आक्षेप बालविवाहाच्या प्रेमापोटी नव्हता, परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये यासाठी होता, आणि त्या काळात त्या आक्षेपाला वजन होतं. पण ते सगळं रण पुन्हा वाचलं की लक्षात येतं, भांडण सरकार आणि समाज यांच्यात आहे, घर कुणाचं यावर आहे, आणि ज्या मुलीच्या शरीरावर हे चाललं आहे ती कुठेच नाही. मी मुलगी आणि हत्तीण यांची तुलना करत नाही. कुणी तसा अर्थ काढला तर तो त्याचा खोडसाळपणा. तुलना आहे ती युक्तिवादाची. ‘बाहेरच्यांनी सांगायचं नाही’ हा मुद्दा खरा असू शकतो, पण आत काय चाललंय या प्रश्नाचं ते उत्तर होत नाही. तेव्हाही झालं नाही.

आता त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या प्राण्याकडे येऊ. ऑगस्टमध्ये नांदणीहून कोल्हापूरपर्यंत हजारो माणसं पायी गेली. दोन-अडीच महिन्यांनी आसपासच्या कारखान्यांचे बॉयलर पेटले, गव्हाणीत मोळी पडली आणि कोल्हापूर-सांगलीच्या ऊसपट्ट्यातल्या रस्त्यांवर टायरगाड्या, म्हणजे रबरी चाकांच्या बैलगाड्या, लागल्या. ट्रॅक्टर आले, तोडणी यंत्रं आली, तरी अजूनही बराच ऊस बैलगाडीने येतो. अरुंद पाणंदीतून, ओल्या रानातून गाडी बाहेर काढायला बैलाइतकं स्वस्त यंत्र निघालेलं नाही. ही गाडी कधी चढावर बघावी. ऊस एवढा उंच रचलेला की मागून बैल दिसत नाहीत, नुसती हलणारी मोळ्यांची भिंत दिसते. पुढून पाहिलं की दिसतं: जुवाखाली मान गेलेली, वेसणीमुळे नाक वर ताणलेलं, तोंडाला फेस. डांबरावर खुराला ठोकलेली पत्री घसरते आणि डावा बैल गुडघ्यावर येतो. तो उठला नाही तर उजव्यावर सगळा भार जाणार, म्हणून गाडीवान खाली उडी मारतो, शेपटी पिरगाळतो, पराणी लावतो. मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवतो. बैल उठतो. उठतो म्हणजे काय, त्याला दुसरा पर्याय ठेवलेला नसतो. जू उतरवल्यावर खांद्यावर हात फिरवला तर टेंगूळ लागतं. काहींचं फुटलेलं असतं आणि त्यावर हळद नाहीतर चक्क ग्रीस फासलेलं असतं. कारखान्याच्या तळावर मग ती जोडी नंबर लागेपर्यंत तासन्‌तास उभी.

हे गुपचूप चाललं आहे का? उलट, महाराष्ट्रात प्राण्याचे हाल जितक्या काटेकोरपणे लिहून ठेवले जातात तितके दुसऱ्या कुठल्याही व्यवहारात ठेवले जात नसतील. प्रत्येक बैलगाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर चढते. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ ऊस, गाडीचा नंबर, तारीख, वेळ: सगळं पावतीवर छापून येतं. दोन-अडीच टन ऊस ही रोजची गोष्ट. केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत, ओढकाम आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांबद्दलचे. बैल लहान, मध्यम की मोठा, चाकाला बेअरिंग आहे की टायर, यावरून किती ओझं घालायचं याचा त्यात तक्ता आहे. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, पारा ३७ अंशांवर जातो अशा भागात दुपारी बारा ते तीन जुंपायचंच नाही, असंही त्यात आहे. म्हणजे एका हाताला कायद्याचा तक्ता, दुसऱ्या हाताला कारखान्याची पावती. दोन्ही शेजारी ठेवले की गुन्हा झाला की नाही हे चौथीतलं पोर सांगेल. या पावत्या शेतकऱ्याचं बिल काढायला चालतात, वजनात काटा मारला म्हणून आंदोलन करायला चालतात. बैलासाठी त्या कुणी वाचल्या आहेत? समजा वाचल्या, तर शिक्षा किती? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. साठ-पासष्ट वर्षांत तो आकडा तसाच राहिला. पन्नास रुपयांत आज चाबकाचं वादीचं टोकही बदलून मिळत नाही.

इथे सगळ्यात वजनदार आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. गाडी हाकणारा माणूस कोण? बीड, नगर, जत, सांगोल्याकडून आलेला. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ उचल घेतलेली, बायको कोयत्यावर, पोरं पाचटाच्या खोपीत. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळी आली तर खाडा, खाडा झाला तर दंड, म्हणून पिशवीच काढून टाकलेली. जिथे माणसाचे हे हाल, तिथे बैलाच्या खांद्याचं टेंगूळ बघायचं म्हणजे पोटभरल्याची चैन नव्हे काय? आधी माणूस बघा, मग जनावर.

हा आक्षेप मला बराच काळ बिनतोड वाटत आलेला आहे, आणि आजही ज्या प्राणिमित्राला त्या खोपीतली बाई दिसत नाही त्याच्याशी माझं जमणार नाही. पण व्यवहार नीट उलगडून पाहा. टायरगाडी बहुतेक ठिकाणी कारखान्याची, बैल गाडीवानाचे. मजुरी टनावर. बैलजोडी घ्यायलाही उचलीतलेच पैसे गेलेले. फेरी मारायला चार-सहा तास जाणार आणि तळावर आणखी किती तास रांग लागेल त्याचा भरवसा नाही, म्हणजे एका फेरीत जेवढं जास्त बसेल तेवढं बसवणं हाच त्याच्यापुढे मार्ग. गाडीवानांशी बोललं की ते स्वतःच सांगतात, बैलाची कीव आम्हालाच जास्त येते, पण उचल फिटायची कशी? म्हणजे ज्या हिशेबाने बाईची पिशवी काढली त्याच हिशेबाने बैलाचा खांदा फोडला. कर्ज आगाऊ, मजुरी मापावर, जबाबदारी कुणाचीच नाही. ही पद्धत ज्याच्या तोंडून हुं की चूं निघत नाही त्याच्यावर सगळा भार ढकलत नेते, आणि या उतरंडीच्या अगदी तळाला बैल आहे. आधी माणूस, मग जनावर, अशी रांग लावणाऱ्यांना मला विचारायचं आहे की बैलाच्या गाडीत अर्धा टन कमी भरला आणि फेरीचा दर त्या हिशेबाने वाढवला, तर यात कुठल्या माणसाचं नुकसान होतं? ऊसतोड मजुरांचं दुःख इथे ढालीसारखं पुढे केलं जातं, आणि ढाल धरणारा सहसा मजूर नसतो.

इस्लामपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये बैलगाडीच्या पुढच्या बाजूला एक आधाराचं चाक बसवलं. भार चाकावर गेला, मानेवरचा उतरला. फोटो देशभर फिरले, मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी शाबासकी दिली. साधी गोष्ट होती, गावच्या वेल्डरला जमेल अशी. मग पुढच्या हंगामात प्रत्येक कारखान्याने आपल्या गाड्यांना ती का लावली नाही? कारण बैल मेला तर नुकसान गाडीवानाचं. मशीन बिघडलं तर कारखान्याचं नुकसान होतं, म्हणून मशीनला तेल वेळेवर मिळतं.

‘शेतकरी बैलावर पोटच्या पोरासारखं प्रेम करतो, तुम्ही काय सांगता?’ हे दुसरं उत्तर. करतो. बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या, आदल्या संध्याकाळी खांदे हळद-तुपाने मळून, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असं बैलाच्या कानात सांगणारा दुसरा समाज मला ठाऊक नाही. बेंदराला पुरणपोळीचा पहिला घास त्याचा. हे प्रेम ढोंग आहे असं म्हणणाऱ्याने गाव पाहिलेलं नाही. पण ज्या खांद्याला वर्षातून एकदा तूप लावायचं तो खांदा दुखतो, हे आपल्याला माहीत आहे म्हणूनच ना तूप लावायचं? सण हीच त्या दुखण्याची कबुली. प्रेम आणि जुलूम एका घरात सुखाने नांदू शकतात, हे ज्यांनी भारतीय एकत्र कुटुंब आतून पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. खोंडाचा बैल होतो तो बडवून, म्हणजे खच्ची करून होतो, वेसण घालायला नाक टोचावं लागतं, आणि काम सुटल्यावर म्हाताऱ्या जोडीचं काय होतं हे विचारू नये असा अलिखित संकेत असतो. २०१५ पासून बैल कापायला बंदी आहे, त्यामुळे तो प्रश्न सुटला असं समजणाऱ्यांनी उन्हाळ्यात जनावरांच्या बाजाराला एक चक्कर मारावी.

शर्यतवाल्यांचा युक्तिवाद याच्याच पुढचा. बैलगाडा बंद झाला तर खिल्लार जात नामशेष होईल, असं ते २०१४ पासून सांगत आले. २०१७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, २०२१ च्या डिसेंबरमध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. देशी गोवंश घटतो आहे ही चिंता खरी आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशी जनावरं आधीच्या गणनेपेक्षा ६ टक्क्यांनी घटलेली होती. पण जात टिकवणं आणि जनावर जपणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. जातीला पाठ नसते, तिच्यावर वळ उठत नाहीत. ते उठतात एका बैलाच्या पाठीवर, आणि त्याला आपण खिल्लार आहोत याचा अभिमान वगैरे काही नसतो.

मी बैलावर एवढा रेंगाळलो कारण तो निदान रस्त्यावर दिसतो. ज्यांचं शोषण दाराआड चालतं त्यांच्याबद्दल आपला कल आणखी उघडा पडतो. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने देशी गाईला राज्यमाता जाहीर केलं. देशातलं जवळजवळ निम्मं दूध देते म्हैस. तिला माता सोडाच, मावशीही कुणी केलं नाही. गोवंशहत्याबंदीत ती बसत नाही, आणि म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातल्या पहिल्या काही देशांत आहे. एक काळी, एक पांढरी. एक देवाच्या चित्रात, दुसरी यमाच्या. दुखणं मात्र सारखंच. म्हशीला रेडकू झालं की शहराजवळच्या गोठ्यात त्याच्या आयुष्याचा हिशेब लगेच होतो: ते जेवढं पिणार तेवढे लिटर कमी. पारडी असेल तर कदाचित जगवतात, टोणगा असेल तर त्याला उपाशी ठेवलं जातं, आपोआप मरतं. मग काही गोठ्यांत त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे धरतात. ती चाटते, पान्हा सोडते, धार काढून होते. कोल्हापूरच्या गंगावेशीत समोर धार काढून दूध देतात, तिथे निदान म्हैस तरी दिसते. पिशवीवर हिरवं कुरण आणि हसरी गाय छापलेली असते.

देवपूजेला रेशमी सोवळं शुद्ध, सुती धोतर धुतलेलं असलं तरी एक पायरी खालचं. ते रेशीम काढायला कोश आतल्या जिवासकट उकळत्या पाण्यात टाकतात. येवल्याच्या पैठणीची तारीफ करताना हे कुणी बोललं तर तो रसभंग ठरतो. अंड्याच्या उद्योगात नर पिल्लू निरुपयोगी, म्हणून ते पहिल्याच दिवशी मारलं जातं. जर्मनीने २०२२ पासून यावर कायद्याने बंदी घातली, आपल्याकडे हा विषय फारसा चर्चेलाही आलेला नाही. मादीला मिळणारी जागा तुमच्या हातातल्या ए-फोर कागदापेक्षाही कमी. पंख पसरता येत नाहीत. विधी आयोगाने २०१७ मध्ये २६९ व्या अहवालात पिंजरा पद्धतीबद्दल नियम सुचवले. कोंबडीसाठी पायी मोर्चा निघेल, ही कल्पनाच आपल्याला हसू आणते. हत्तिणीच्या मोर्चाला आपण हसलो नव्हतो. हा फरक कुठून आला? कोंबडीला कमी दुखतं म्हणून तर नक्कीच नाही.

‘पण माणूस तो माणूस. त्याला बुद्धी आहे, विवेक आहे, भाषा आहे.’ मान्य. माणसाचा जीव आणि कोंबडीचा जीव एकाच पारड्यात तोला असं मी म्हणत नाही. बुडत्या नावेत कुणाला वाचवाल, हा कॉलेजातला प्रश्न मला इथे निरर्थक वाटतो, कारण आपल्यापैकी कुणीही बुडत्या नावेत बसलेलं नाही. आपण चहात साखर घालत बसलो आहोत. बुद्धी जास्त म्हणून अधिकार जास्त, हे एकदा स्वीकारलं की ते तत्त्व कुठे थांबतं याचा अनुभव या मुलखाला शतकानुशतकं आला आहे. विद्येचा अधिकार नाही म्हणून माणूसपणाचा अधिकार नाही, असं ज्यांनी ऐकून घेतलं त्यांचे वारस आपण. आणि मुद्दा बुद्धीचा नाहीच. फुटलेला खांदा दुखायला व्याकरण यावं लागत नाही.

समतेचा मोठा पुरस्कर्ता असूनही इथे नजर कशी पोचत नाही, याचं उदाहरण कोल्हापुरातच आहे, आणि ते मी आदर राखूनच देतो. २६ जुलै १९०२ ला ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखणारा राजा त्याच कोल्हापुरात साठमारीचा शौकीन होता. हत्तीला पिसाळवून त्याच्याशी माणसांनी खेळायचं, त्याचं मैदान आजही शहरात त्याच नावाने ओळखलं जातं. चित्ते पाळून त्यांच्याकरवी हरणांची शिकार व्हायची. शाहू महाराजांचं मोठेपण यामुळे तसूभर कमी होत नाही. एवढंच दिसतं की त्या काळात माणसामाणसांतली भिंत पाडायलाच एका आयुष्याची सगळी ताकद लागत होती. पलीकडची भिंत त्यांना दिसली नाही, यात दोष त्यांचा कमी. आपल्याला ती दिसते आहे आणि आपण तिला रंग देत बसलो आहोत.

पैठणच्या रेड्याची गोष्टही आपण अशीच सोयीने लक्षात ठेवली. रेड्यामुखी वेद वदवले, हा चमत्कार लहान मुलांनाही पाठ. त्याच कथेत आधी रेड्याला आसूड मारतात आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठतात. मला नेहमी वाटतं, वेद हा त्या कथेचा दर्शनी भाग आहे, शास्त्री मंडळींना गप्प करण्यापुरता. खरी गोष्ट वळांची आहे. कीर्तनात मात्र टाळ्या वेदांना पडतात.

उरला तो रोजचा टोमणा: बकरी ईदला गप्प बसणारे बैलपोळ्याला बरे जागे होतात, किंवा नेमकं उलट. या टोमण्यात तथ्य आहे. दोन्हीकडचे प्राणिमित्र दुसऱ्याच्या सणालाच जागे होतात. पण निवडक करुणेवरचा उपाय म्हणजे करुणाच नको, हे कुठलं तर्कशास्त्र? शेजारी कर बुडवतो म्हणून आपणही बुडवावा, अशातला हा प्रकार. तसंच ‘मग खायचं काय, हवा?’ हा प्रश्न. मी कुणाचं ताट तपासायला निघालेलो नाही. माझ्याही चहात दूध असतं, आणि ते कुठून येतं हे वर लिहूनही उद्या सकाळी ते असणार आहे. सगळं एका दिवसात सोडा असं सांगणारा माणूस बहुधा काहीच बदलू इच्छित नसतो, किंवा त्याला फक्त स्वतःचा सोवळेपणा मिरवायचा असतो. प्रश्न आहे तो आज, फारशी झळ न सोसता, काय थांबवता येईल याचा.

बैलाच्या बाबतीत उत्तर हाताशी आहे. दर हंगामाला कारखान्यांना पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. शेतकऱ्याची थकीत एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, दिली नाही म्हणून परवाने अडवले गेले आहेत, म्हणजे अट घालण्याची ताकद त्या कार्यालयात आहे. १९६५ च्या तक्त्यापेक्षा जास्त भरलेल्या बैलगाडीची पावती काट्यावर निघणारच नाही, एवढी दुरुस्ती कारखान्याच्या संगणकात करायला एक दुपार पुरे. गाड्यांना पुढचं चाक लावणं, तळावर पाणी, सावली आणि जनावरांचा डॉक्टर ठेवणं, बैलगाड्यांची रांग ट्रॅक्टरच्या आधी घेणं, हेही त्याच परवान्याच्या अटींत बसू शकतं.

गाडी हलकी झाली की फेऱ्या वाढणार, आणि त्याचे पैसे गाडीवानाच्या खिशातून गेले तर तो पुढच्याच आठवड्यात गाडी पुन्हा उंच रचणार, काट्यावर कुणाला तरी चहापाणी देऊन. म्हणून बैलगाडीच्या वाहतुकीचा दर नुसत्या टनावर न ठेवता टन आणि फेरी अशा दोन्हींवर बांधावा लागेल. हा दर कारखान्यांचा साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्या करारात ठरतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्या एफआरपीतून वजा होतो, तेव्हा शेतकरी संघटना विरोध करतील, आणि त्यांचा विरोध रास्त असेल. ती वाढ कारखान्याने साखर, इथेनॉल आणि मळीच्या पैशांतून उचलावी, शेतकऱ्याच्या बिलातून नव्हे, ही मागणी त्यांनीच लावून धरायला हवी. करारासाठी सगळे पुढच्या वेळी बसतील तेव्हा कोयत्याचा दर, मुकादमाचं कमिशन, विमा यांच्याबरोबर बैलगाडीच्या भाराची मर्यादा हे एक कलम विषयपत्रिकेवर घ्यायला संघटनांपैकी कोण तयार आहे, हे त्यांनी आतापासूनच सांगावं.